पऱ्हाट्यांखालचा जमादार

रविवार, २६ फेब्रुवारी १९६१. अमरावती. दुपारी दोन.

जमादार सापडला. फार वाईट झालं.

होळीसाठी गल्लीतले लोक कपाशीच्या पऱ्हाट्या पळवतात. म्हणून परसातला ढीग उचलून मागल्या ओसरीत रचत होतो. वर्षभर चुलीत जाऊन ढीग गुडघ्याएवढाच उरलाय. तळाशी माती उकरलेली दिसली. आत जमादार. पाय, मान सगळं आत ओढलेलं, पाठीवर माती. मेला असं वाटून आधी हायसं वाटलं. मग त्यानं एक पाय हलवला. स्वभाव पहिल्यापासून असाच.

जमादार म्हणजे रुख्मिणीचं कासव. सासऱ्यांनी बाळापूरच्या बाजारातून आणलेलं. लग्नानंतर तिच्या ट्रंकेबरोबर आलं, त्याला बावीस वर्षं झाली. रोज संध्याकाळी परसाला एक फेरी मारतं म्हणून तिनं नाव ठेवलं जमादार.

१८ डिसेंबरला कडाक्याची थंडी पडली आणि जमादार दिसेनासा झाला. मी शांत डोक्यानं तपास केला. दहा मिनिटांत पुरा झाला. तुराट्यांच्या कुंपणापलीकडे देवमन इंगळे राहतो. जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. २६ डिसेंबरला त्याच्या डॉक्टरसाहेबांकडे तीन पानी अर्ज दिला. त्यात एक वाक्य होतं: 'सदर इसमाच्या खाण्यापिण्याच्या रीती ध्यानात घेता कासव जिवंत असण्याची आशा नाही.' वाक्य चांगलं उतरलं होतं. मी जुन्या मताचा माणूस नाही. छप्पन सालच्या दीक्षेपासून मी त्याला नुसतं देवमन न म्हणता इंगळे म्हणतो.

आता हे मातीतून वर आलंय.

रुख्मिणी भावाकडे बाळापूरला आहे, पुढच्या रविवारी येणार. तोवर जमादार धडधाकट करायचा आणि अर्ज मागे घ्यायचा. दोन्ही कामं मिळून दोन दिवसांची.

सोमवार, २७ फेब्रुवारी. रात्री आठ.

ऑफिसात अर्ज मागे घेण्याचा ड्राफ्ट केला. 'माझी चूक झाली' असं वाक्य आलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत, त्यातली सहा हेडक्लार्क म्हणून, हे वाक्य मी कधी लिहिलेलं नाही. हाताला सवय नाही. खोडलं. 'गैरसमज झाला' लिहिलं. कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला. उद्या.

जमादाराचे डोळे मिटलेले आहेत. पापण्या चिकटल्या आहेत. बशीत गरम दूध साखर घालून समोर ठेवलं. प्यायला नाही. बशीत पाय ठेवून बसला.

मंगळवार, २८ फेब्रुवारी. सकाळी सहा.

पहाटे जाग आली ती एका विचारानं. हे आमचं कासव कशावरून? कासवं सारखीच दिसतात. आमचं मोठं होतं. हे कोणतं तरी परकं कासव हिवाळ्यापुरतं आमच्या परसात शिरलं असणार. तसं असेल तर अर्ज बरोबर आहे आणि मागे घेणं हाच खोटेपणा होईल. मन हलकं झालं. चहा दोनदा केला.

तोच दिवस. सकाळी सात.

पाठीवरची माती पुसली. खाली लाल ऑइलपेंटमध्ये 'खु. बों.' ही अक्षरं निघाली. खुशालराव बोंडे. पाच वर्षांपूर्वी घरातल्या डेड स्टॉकवर नावं घातली तेव्हा मीच घातली होती. त्या वेळी रुख्मिणी आठ दिवस बोलली नव्हती.

सकाळी साडेसात.

घासलेटनं अक्षरं जातात.

बुधवार, १ मार्च. संध्याकाळ.

आमचा शिपाई नत्थुजी सगळ्या कचेऱ्यांतल्या बातम्या आणतो. आजची बातमी: देवमनची बदली सेमाडोहला होऊन राहिली. पंधरा तारखेला हजर व्हायचं. ९ तारखेला डॉक्टरसाहेब स्वतः एन्क्वायरीला येणार, आरोप खोटा निघाला तरच बदली रद्द. नत्थुजी म्हणाला, साहेब, त्याच्या पोरीची मॅट्रिक वीस तारखेपासून हाय, एवढं ध्यानात ठेवा. मी म्हणालो, जंगलाची हवा अभ्यासाला चांगली. तो म्हणाला, तुमी गेले होते का कधी सेमाडोहले? हल्ली शिपाई फार बोलतात.

बदलीची शिफारस माझी नाही. मी फक्त अर्ज दिला होता.

जमादार जड वाटतो. बहुतेक पोटाचा विकार. अर्धा चमचा एरंडेल तोंडाशी धरलं. त्यानं मान आत घेतली. एरंडेल माझ्या धोतरावर.

गुरुवार, २ मार्च. होळी. रात्री नऊ.

शेगडी पेटवून जमादाराला जवळ ठेवला. थंडीनं आजार आला, उबेनं जाईल, सरळ हिशेब. पंधरा मिनिटांनी त्यानं तोंड उघडलं. भूक लागली असं समजून भाकरीचा तुकडा आत सरकवला. नुसती धाप टाकत होता.

बाहेर होळीभोवती लोकांनी बोंब मारायला सुरुवात केली. दरवर्षी कोणा ना कोणाच्या नावानं मारतात. यंदा माझ्या. हेडक्लार्काचं कासव, कुठं गेलं कुठं गेलं, असं यमक जुळवून. त्यात बायकांचेही आवाज होते. एक सुंदराबाईचा, देवमनच्या बायकोचा. तिचा आवाज मी कुठंही ओळखीन. अर्ज दिल्यापासून रोज सकाळी ती कुंपणाशी उभी राहून हवेला काहीतरी विचारते. आजचा प्रश्न, माह्या लीलानं मॅट्रिकचा अभ्यास काय आता वाघापाशी बसून करावा काय?

मी खिडकी लावून घेतली. त्यानंतर कुंपणापलीकडून देवमननं विचारलं, बोंडेसाहेब, तिकडं घासलेट सांडलं काय? दोन दिवस झाले वास येऊन राहिला.

म्हणालो, कंदील गळतो.

म्हणाला, बरं.

त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मला आवडलं नाही.

शुक्रवार, ३ मार्च. धुळवड, सुटी.

जमादार मान बाहेर काढत नाही. डोळ्यांना सूज. मी घाबरलेलो नाही.

युक्ती केली. कुंपणाशी जाऊन, नजर तुरीच्या काड्यांवर ठेवून, सहज विचारलं की अकोल्याला माझा एक मित्र आहे, त्याचं कासव हिवाळाभर मातीत होतं, आता खात नाही, काय करावं.

देवमन शेळीच्या खुराला औषध लावत होता. मान वर न करता म्हणाला, तुमच्या अकोल्याच्या दोस्ताले सांगा, खायचं नाव काढू नका. आधी पाणी. उथळ घमेल्यात कोमट पाणी घ्या, अंगाले सोसन इतकं, नाकपुड्या वर राहिल्या पायजे. रोज सकाळी पंधरा मिनिटं बसवा. थे पाणी पिते, मंग पोट चालते, मंग भूक लागते. डोळे उकळून थंड केलेल्या पाण्यानं पुसा. सकाळचं ऊन द्या. दूध, तेल, शेगडी, काही नाही.

मी म्हणालो, दूध चालत नाही?

म्हणाला, कासवाच्या मायले आचळं कुठं असते, बोंडेसाहेब?

मग विचारलं, आन् घासलेट लावलं काय तुमच्या दोस्तानं?

मी आत आलो. इतका नेमका सल्ला कोणी उगाच देत नाही. यात डाव आहे. पाण्यात बसवून जमादार मेला म्हणजे पुरावाच नाहीसा. मी त्याच्या डावात सापडणार नाही. पाणी दिलं, पण विहिरीचं, गार. निसर्गात पाणी कोण तापवून देतं?

शनिवार, ४ मार्च.

गार पाण्यानं फरक नाही. किंचित उलटा फरक.

ड्राफ्ट नंबर चार: 'अर्जदाराने अथक शोध घेऊन कासव हस्तगत केले असल्याने प्रस्तुत अर्जाचा हेतू सफल झाला आहे.' यात चूक कुठंच येत नाही. पण कुठून हस्तगत केलं, हे साहेब विचारतील. पाकिटात घातलं, पाकीट खिशात ठेवलं. ऑफिसातून येताना टपालपेटीवरून दोनदा गेलो. दोन्ही वेळा पेटीच्या आसपास लोक होते.

रविवार, ५ मार्च. रात्र.

रुख्मिणी आली. तिच्यासमोर हळूहळू विषय काढायचा विचार होता. तिनं आल्या आल्या पाय धुतले, मागल्या ओसरीत गेली आणि गोणपाटाखालून त्याला काढलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

मी म्हणालो, हे आपलं नव्हे, आपलं मोठं होतं. ती म्हणाली, माह्या बापानं माह्या हातात देल्लं कासव मी नाही वळखीन? याच्या मागच्या पायाची नखी माह्या हातानं तुटली, मी नऊ वर्षाची होती. मग तिनं त्याची पाठ हुंगली. मग डोळे पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं.

बाकीचं सगळं लिहीत नाही. काही भाग असा: ज्या माणसाले घरातला केरसुणीचा कोपरा मालूम नाही, थो कासवाचा तपास करायले निंगाला. दोन महिने मी देवमनभाऊच्या घराकडं तोंड वर करून पाहू शकली नाही. सुंदराबाईची पोर माह्याजवळ गणितं दाखवायले येत होती, थे बंद झालं. आन् कासव माह्याच चुलीच्या पऱ्हाट्याखाली.

मी शांतपणे म्हणालो की अर्ज त्या वेळच्या माहितीवर आधारलेला होता.

तिनं जमादाराला पदरात घेतलं, कुंपणातली तुराटी हातानं मोडली आणि पलीकडे गेली. रडत होती की शिव्या देत होती, अंधारात नीट कळलं नाही. देवमनचा आवाज आला. एवढंच म्हणाला, सुंदरे, पाणी ठेव चुलीवर.

सोमवार, ६ मार्च.

जेवायला भाकरी आणि मीठ. तिखटसुद्धा नाही.

मंगळवार, ७ मार्च.

पलीकडून ऐकू आलं: पाणी प्यायला. घमेलंभर हागला. यावर बायका इतक्या आनंदल्या की मला वाटलं लीला पास झाली.

एक लक्षात आलं. चोरलेली वस्तू आता आरोपीच्या घरात आहे. परवा एन्क्वायरी. मी काहीही केलेलं नाही. योग असतात.

बुधवार, ८ मार्च.

डावा डोळा उघडला. पालकाचं पान खाल्लं. रुख्मिणी ऑफिसची वेळ सोडून सगळा दिवस तिकडे. ऑफिसच्या वेळी मी घरी नसतो, म्हणजे त्या वेळीही तिकडेच असणार.

ती रात्री एवढंच बोलली: उद्या तुमच्या एका शब्दावर त्या पोरीचं वर्ष हाय. मी म्हणालो, मी नियमाप्रमाणे वागेन. खिशातल्या पाकिटाची आठवण झाली. धोब्याकडे गेलं.

गुरुवार, ९ मार्च. संध्याकाळी सात.

घडलं तसं लिहितो.

साडेदहाला डॉक्टरसाहेब फाइल घेऊन आले. आधी माझ्या ओट्यावर बसले. मी अर्ज वाचून दाखवला. 'रीती' या वाक्यावर त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. मग आम्ही सगळे देवमनच्या अंगणात गेलो.

उन्हात घमेलं. घमेल्यात जमादार, मान वर, दोन्ही डोळे उघडे. हिरवी मेथी ओठावर.

साहेब देवमनकडे वळले. त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं रुख्मिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दारात सुंदराबाई. तिच्यामागे लीला, हातात पुस्तक, बोट पानात घातलेलं.

साहेब म्हणाले, बोंडे, हे तुमचं कासव आहे का? नीट पाहून सांगा. तुमची सही घ्यायची आहे.

एका शब्दाचं काम होतं. हो. पण रुख्मिणी मोडक्या कुंपणात पदर खोचून उभी होती. हळूच म्हणाली, सांगा ना. सांगा, मंग मीबी सांगीन. पऱ्हाट्यापासून सांगीन. घासलेटापर्यंत सांगीन.

हो म्हणालो तर ती बोलणार. चूक झाली म्हणालो तर ते फाइलवर कायमचं राहणार. अशा वेळी अनुभवी माणूस तिसरा मार्ग काढतो.

म्हणालो, हे आमचं नव्हे. आमचं मोठं होतं.

साहेबांनी लिहून घेतलं: 'सदर कासव श्री. इंगळे यांचे असून अर्जदाराचा त्यावर कोणताही हक्क नाही. तक्रारीत तथ्य नाही.' माझ्यापुढे सरकवलं. सही केली. सही सुबक आली.

सुंदराबाई मटकन खाली बसली. रुख्मिणी हसली. बावीस वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहण्याची इच्छा नाही.

सगळं मिटलं. कोणाचं नुकसान झालं नाही. मोठेपणा मी घेतला असं म्हणायला हरकत नाही.

शनिवार, ११ मार्च.

बदली रद्द. नत्थुजी ऑफिसात पेढे वाटत होता, देवमनच्या वतीनं. माझ्या टेबलापर्यंत येता येता पुडा संपला.

रुख्मिणीला म्हणालो, आता हळूच आणून टाक जमादाराला. ती म्हणाली, दुसऱ्याचं कासव कसं आणू? तुमी लिहून देल्लं ना. राहू द्या तिकडं, तिथं त्याले कोणी घासलेट लावत नाही. मी जाऊन भेटत जाईन.

वर्षभरापुरती व्यवस्था असेल.

रविवार, १९ मार्च. संध्याकाळी सात.

रुख्मिणी लीलाला गणितं सांगायला पलीकडे गेली होती. मी ओट्यावर बसलो होतो. सहाच्या सुमारास मोडक्या तुराट्यांमधून जमादार आत आला. परसाला पूर्ण फेरी मारली. पऱ्हाट्यांची जागा हुंगली. माझ्या पायाशी येऊन थांबला. चांगला गरगरीत झालाय. मी आत जाऊन काकडी आणली. त्यानं खाल्ली. माझ्या हातून. पहिल्यांदाच.

तेवढ्यात पलीकडून सुंदराबाईचा आवाज आला, मोठा, गल्लीला ऐकू जाईल असा: आमचं कासव आलं काय हो तुमच्याकडं?

सहा घरांच्या खिडक्यांत माणसं होती. फाइलवर माझी सही आहे.

उचलला. चार पाय हवेत हलवत होता. गल्लीतून पुढच्या बाजूनं देवमनच्या दारापर्यंत गेलो, कुंपणातून जाणं बरं दिसलं नसतं. देवमननं दार उघडलं. दोन्ही हातांनी जमादार घेतला, उलटून पोट पाहिलं, डोळे पाहिले. म्हणाला, पावती पायजे काय, हेडक्लार्कसाहेब?

नको म्हणालो.

आत रुख्मिणी, सुंदराबाई आणि लीला चटईवर बसून चहा पीत होत्या. रुख्मिणीनं मान वर केली नाही. देवमन उंबऱ्यात थोडा वेळ उभा राहिला. मीही राहिलो. मग त्यानं दार लोटून घेतलं.

चहाचं विचारलं नाही. विचारलं असतं तर पित्ताचं कारण सांगणार होतो. कारण तयार होतं.