केळीचे रोग, पाहा: आशाबाईंचा फ्रीज

इतवारा, बुऱ्हाणपूर
सोमवार

ती. सदाशिवमामा,

सादर नमस्कार. गुडघा आता किती वाकतो? मामी फोनवर नुसतं ‘बरा आहे’ म्हणतात. त्यावरून अंश कळत नाहीत.

आमच्या वाचनालयाची यादी संगणकावर चढली, त्याला दोन वर्षं झाली. एका गोष्टीला एकच नाव आणि तेही ठरलेल्या विषयसूचीतलं, हे तुम्हीच शिकवलंत (ग्रंथपाल म्हणून तुमची तीस वर्षं त्यातच गेली). त्याप्रमाणे ‘केळी – रोग व कीड’ या विषयाखाली मी सात पुस्तकं नोंदवली. एवढ्या काळात तो विषय एकदाच शोधला गेला. तो मीच शोधला, चालतो का ते बघायला.

दिवाळीनंतर अध्यक्ष भाईदासजींनी ठरवलं की वाचकांनीच पुस्तकांना आपापले शब्द, म्हणजे टॅग, लावावेत. ‘पब्लिकच करेल ना सगळं. मग मार्चनंतर तुमची पोस्ट कशाला, बेटा?’ (मी त्यांची बेटा नाही, करारावरची कर्मचारी आहे.) फैसला कालच्या बैठकीत व्हायचा होता.

वाचकांनी काम मनावर घेतलं. अडचण अशी की इकडे पुस्तक कशाबद्दल आहे हे कोणी सांगत नाही, कोणाकडे आहे ते सांगतात. केळीवरच्या करपा रोगाच्या पुस्तकाला टॅग लागले: ‘पिवळी पानं’, ‘चुडामणकाकांना कामी आलं’, ‘सध्या आशाबाईंच्या फ्रीजवर’. मी जैनाबादला आशाबाईंकडे गेले. पुस्तक फ्रीजवरच होतं, अकरा महिने, वर लोणच्याची बरणी. ‘अवं ताई, आठ घरं नेतात नि इथंच आणून ठेवतात,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्याकडे दिलं तं सापडीन का कोणाला?’ मी पुस्तक तिथंच ठेवून आले.

बैठकीसाठी मी तक्ता केला: एका करप्याला एकोणीस टॅग, पैकी सहा हिंदीत. चुडामणकाका समितीवर आहेत. ते म्हणाले, ‘म्हंजी एकोणीस लोक तं पोचले ना!’ सगळे हसले. मग मी सुचवलं की शब्द वाचकांचे राहू देत. प्रत्येकापुढे ‘पाहा: केळी – रोग व कीड’ अशी वाट मी करून देईन, आणि त्याला माणूस लागतो. भाईदासजींनी विचारलं, सगळ्यांत जास्त लागलेला टॅग कोणता? तो मी तक्त्यात घेतला नव्हता, कारण तो विषय नाही. पडद्यावर दाखवावा लागला. ‘तृप्तीताईंना विचारा’, चौसष्ट पुस्तकांवर.

करार वर्षभरासाठी वाढला.

आपली,
तृप्ती

ता. क. तो टॅग कुठल्याच नियमात बसत नाही. मी तो अजून काढलेला नाही.

आणखी एक. जळगावच्या कॉलेजात माझ्या नोकरीसाठी शब्द टाका, असं मी जानेवारीत लिहिलं होतं. टाकला नसेल तर टाकू नका. टाकला असेल तर मुलगी उर्मट आहे असं कळवा. त्यांना पटेल, तिथले प्राचार्य माझ्याशी फोनवर बोललेले आहेत.