मुरमासाठी कुदळ

कारंजा, चैत्र वद्य तृतीया

आज बाजारात कुदळ मीच निवडली. गेल्या साली जुनी कुदळ मुरमात वाकली, संत्र्याचे खड्डे अर्धेच राहिले, रोपं वाळून गेली. यंदा तसं होऊ देणार नाही.

मामंजींनी रंगवलेली चकचकीत कुदळ उचलली. मी दगडावर वाजवून पाहिली. आवाज बसका! शेजारची काळी, ओबडधोबड, पण खणखणीत वाजली.

"बाईमाणसाले लोखंडातलं काय समजते?" मामंजी म्हणाले.

"खड्डे तं मलेच खंदा लागते ना, मामंजी!"

तीच घेतली. संध्याकाळी मळ्यात पहिल्याच घावाला मुरूम फुटला. तोच खणखणीत आवाज. बांधावरून बघणारे मामंजी उठले. "आण इकडे, थकली असशीन."

मी थकले म्हणून घेतली, की त्यांना कुदळ आवडली म्हणून? खड्डा पुरा होईस्तोवर त्यांनी परत काही दिली नाही.