शाकाहारी पद्धतीने मृगाजिन

१० जानेवारी, शनिवार
प्रतिमाताईंकडे चहाला गेले होते. म्हणजे त्यांचं इडलीपात्र परत करायला गेले, चहा त्यांनी केला. अनीशची मुंज पुढच्या महिन्यात, देवळाच्या हॉलमध्ये. मुंजीत मुलाच्या अंगावर मृगाजिन लागतं. आता अमेरिकेत, पार्सिपनीत हरणाचं कातडं कुठे शोधायचं, असं त्या हसत म्हणाल्या. मी म्हटलं, मी करून देते. त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. मग म्हणाल्या, "तू तर घरचीच. भिक्षावळीत मावशी म्हणून उभी राहा हं."

भिक्षावळीत मला विशेष रस नाही. पण कातडी कमावणं हा शुद्ध रसायनशास्त्राचा प्रश्न आहे, आणि मी रंगांच्या कंपनीत पॉलिमर केमिस्ट आहे. कातडं म्हणजे पॉलिमरच.

करायचं: गुरुजींना फोन करून माप विचारणे.

१२ जानेवारी
लॅबमधला ब्रायन दर हिवाळ्यात शिकारीला जातो. त्याच्याकडे कातडं मागितलं. कशाला, म्हणाला. धार्मिक कामासाठी, म्हटलं. दुपारी त्याने मुद्दाम येऊन सांगितलं की त्याला सगळ्याच धर्मांबद्दल आदर आहे.

१३ जानेवारी
कातडं मिळालं. काळ्या कचऱ्याच्या पिशवीत, गोठलेलं. फ्रीजरमधून मटार आणि खवलेला नारळ काढून जागा केली. एका माणसाला एवढे मटार तसेही लागत नाहीत.

फोन राहिला. गुरुजी आठवडाभर कुठल्याशा बँकेचा डेटाबेस सांभाळतात. कामाच्या वेळेत अनोळखी माणसाला त्रास देणं बरोबर नाही.

१६ जानेवारी
पद्धती पाच. तुरटी-मीठ. क्रोम. झाडाची साल. बाजारातलं तयार टॅन, म्हणजे कमावण्याचं द्रावण. आणि हरणाचाच मेंदू चोळून. प्रत्येक हरणाला स्वतःचं कातडं कमावण्याइतका मेंदू असतो, अशी इथल्या शिकाऱ्यांची म्हण आहे, ब्रायनने सांगितली. सांगताना माझ्याकडे का बघत होता ते कळलं नाही.

एक्सेलमध्ये तक्ता केला. निकष: मऊपणा, टिकाऊपणा, वास, रंग, धार्मिक ग्राह्यता. क्रोमने निळसर छटा येते, बाद. सालीला महिने लागतात, बाद. तयार टॅनच्या बाटलीवर घटक पूर्ण दिलेले नाहीत, बाद. मेंदूऐवजी अंड्याचा बलक चालतो, पण मुंजीत अंडं कसं चालेल? दोन्हींत काम करतं ते लेसिथिन नावाचं स्निग्ध द्रव्य. लेसिथिन सोयाबीनपासूनही मिळतं. म्हणजे हरणाचं कातडं संपूर्ण शाकाहारी पद्धतीने कमावता येईल. हे आजवर कोणाला सुचलं नसावं.

१९ जानेवारी
यामिनीचा फोन. ती लग्न होऊन अर्विंगला जाईपर्यंत याच घरात माझी रूममेट होती. तिला तक्ता वाचून दाखवला. ती म्हणाली, यार, तू हरणावर दुसरी पीएचडी कर. मग म्हणाली, गुरुजींना विचारलंस का नक्की काय लागतं ते? मी म्हटलं, नेटवर्क जातंय.

नेटवर्क चांगलं होतं. पण एवढ्यात तिचा नवरा जेवायला हाक मारत होता.

२१ जानेवारी
तक्त्यात जाडीचा निकष घालायचा म्हणून कातडं वितळवून बाथटबमध्ये अंथरलं. खरवडून लगेच मीठ चोळायला हवं, हे मला माहीत आहे. फक्त आयोडीनयुक्त मिठाबद्दल दोन स्रोतांत एकमत नाही. आज वाचून ठरवते.

२३ जानेवारी
अजून एक तिसरा स्रोत सापडला. तोही वेगळंच सांगतो.

२४ जानेवारी
वास. केस चिमटीत धरले तर चिमटीतच राहिले. मधोमध टक्कल, आकार साधारण विदर्भासारखा. उरलेल्या भागावर घरातलं सगळं मीठ चोळलं. मिठाचा प्रश्न निकाली.

लेसिथिनवर प्रयोग करायला वेळ नाही. तुरटी. तशीही ती आधीपासून दुसऱ्या क्रमांकावर होती.

२५ जानेवारी
तुरटी आणायला आयसेलिनला जाऊन आले. तुरटी इथल्या दुकानातही मिळते, पण तिथल्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतली मोठ्या खड्यांची असते. तिकडेच शिंपी आहे, म्हणून सहज ब्लाउज टाकला. साडी मोरपंखी. मावशीने पांढरं नेसू नये एवढाच विचार.

प्रतिमाताईंनी अजून एकदाही चौकशी केलेली नाही. पूर्ण विश्वास.

१ फेब्रुवारी
कातडं तुरटी-मिठातून काढलं. आता खरं काम. अर्धवट ओलं असताना ते सतत ताणावं, मळावं लागतं, तरच मऊ राहतं. पुस्तकात लिहिलंय, दोघांनी दोन टोकं धरावीत. फोनमधली सगळी नावं खालपर्यंत पाहिली. मग एक टोक बेडरूमच्या दाराच्या मुठीला बांधलं. मूठ तक्रार करत नाही, उशीरही करत नाही.

२ फेब्रुवारी
मूठ निघाली. नवी आणली.

३ फेब्रुवारी
सकाळी मीटिंग होती, ती लांबली. परत आले तर हीटरच्या हवेने कातडं पापड झालेलं. घडी होत नाही. भिंतीला टेकवलं तर उभं राहतं. एका अर्थी आकार नीट टिकलाय. मुंजीत ते फार हाताळलं जात नसावं.

करायचं: गुरुजींना फोन. उद्या नक्की.

६ फेब्रुवारी
आता फोन करणं वेडेपणाचं दिसेल. ब्लाउज बसला.

७ फेब्रुवारी, शनिवार
बर्फ होतं. कातडं कारमध्ये तिरकं करून नेलं. हॉलमध्ये प्रतिमाताई भेटल्या, म्हणाल्या, अगं, आलीस, साडी छान आहे. कातडं त्यांना टेबलाचा वरचा भाग वाटला. म्हणाल्या, केटरिंगवाले मागच्या दाराने. मी सांगितलं काय आहे ते. त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. त्या ते विसरल्या होत्या.

गुरुजींनी स्टीलच्या डबीतून पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा काढला, दोरा ओवलेला. दर मुंजीत तोच वापरतात, संध्याकाळी परत घेतात. माझ्या कातड्याकडे पाहून म्हणाले, "एवढं मोठं कशाला आणलंत ताई? एक फोन करायचा ना."

मी ते दाराशी भिंतीला टेकवून ठेवलं.

भिक्षावळीत माझ्या पुढे नऊ जणी होत्या. सगळ्या मावश्या. निम्म्या मोरपंखीत. समोरचीला विचारलं, तर तिलाही "तू घरचीच" असं सांगितलं होतं, टिफिनचा डबा परत करायला गेली होती तेव्हा. माझी पाळी आली तेव्हा अनीशची झोळी भरली होती. त्याने मला "थँक यू, आंटी" म्हटलं. मी लाडू वरच ठेवला. घसरला नाही.

निघताना दाराशी पाहिलं तर कातडं उभं नव्हतं. कोणीतरी आडवं केलं होतं आणि त्यावर बूट काढले जात होते. वितळलेलं बर्फ, बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ, चिखल. सकाळपासून सगळी मुंज त्यावरून आली-गेली होती. बूट बाजूला केले आणि उचललं.

मऊ होतं. शालीसारखं घडी होत होतं. ओलावा आणि सततचा दाब, शास्त्राप्रमाणे हेच तर हवं होतं.

रात्री ८
जेवणात मटार. कातडं आता पलंगाशी अंथरलंय, त्यावर पाय ठेवून लिहितेय. विदर्भाच्या बाजूने थोडं गार लागतं.

तक्त्यात सहावी पद्धत नोंदवली: पायदळी. मऊपणाला पाचपैकी पाच. खर्च शून्य. मर्यादेच्या रकान्यात एवढंच लिहिलं, की याला घरी पुष्कळ माणसं यावी लागतात.