आठ किलो चारशे

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, तूही बरी असशील असं धरून चालते. काकांची नजर अधू झाली, जिभेची धार मात्र शाबूत आहे. कारखान्यातल्या रंगाच्या हौदांवर अजून त्यांचाच हुकूम चालतो.

माझी लेक दहावीला आहे. परवा रसायनांची समीकरणं मांडत होती. दोन्ही बाजूंचे अणू जुळलेच पाहिजेत, एकही हरवायचा नाही, असा त्यांचा नियम. पुढचं उदाहरण ऐकून विळीवरचा माझा हात थांबला: खायचा सोडा तापवला की धुण्याचा सोडा होतो. रंगाला लागणारा धुण्याचा सोडा मिळाला नव्हता तेव्हा तू कढईत तेच केलं होतंस.

मी सहज विचारल्यासारखं केलं, "आठ किलो चारशे घेतला तर?"

"शंभर मोल. मोल म्हणजे कणांचा ठरलेला गठ्ठा गं. खायच्या सोड्याच्या दोन मोलांतून धुण्याच्या सोड्याचा एकच निघतो, म्हणजे पन्नास. पाच किलो तीनशे. बाकीची वाफ आणि वायू."

ताई, दारामागे तू खडूने लिहिलेला उरलेल्या मालाचा आकडा तोच. बावीस वर्षांपूर्वी काकांनी कढईतला माल तोलला, तर घातलेल्यापेक्षा तीन किलो शंभर कमी. तू म्हणालीस, उडून गेला. "सोड्याला पंख फुटले होय?" काका म्हणाले, सगळे हसले, तू चोर ठरलीस आणि आठवड्यात घर सोडून गेलीस. तो खरंच उडून गेला होता गं, आमच्या डोळ्यांदेखत, आणि तोही इतक्या काटेकोर हिशेबाने.

आता टाळत आलेलं लिहिते. त्या दुपारी मी दारातच बसले होते. आत कोणी आलं नाही, बाहेर काही गेलं नाही. मला ठाऊक होतं. काकांच्या धाकाने मूग गिळून बसले.

काल काकांना सगळं सांगितलं. "पुस्तकांत काय, काहीही लिहितात," म्हणाले. मग तेवढाच सोडा घ्यायला लावला आणि कढईशी खुर्ची टाकून तास न् तास बसले, जागचे हलले नाहीत. माल तोलला. पुन्हा तोलला. शेवटी लेकीला काटा वाचायला लावला.

"पाच तीनशे, आजोबा."

कढईवरच्या रिकाम्या हवेकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तिला लिही, चूक माझी होती. आणि विचार, येते का."

दाराला दोनदा रंग दिला, पण तुझ्या आकड्यापुरता चौकोन मी दोन्ही वेळा सोडायला लावला.

दारात बसून सगळं पाहिलेली,
तुझी धाकटी