कानाचं चूर्ण

प्रिय रामेश्वर,

तू तीनदा फोन केलास, असं तुझी वहिनी जिनत म्हणाली. फोनवरचं मला आता काही उमगत नाही, म्हणून लिहितोय. गॅरेज चालू आहे, पण इंजिनाचं काम सोडलं. पूर्वी नुसता आवाज ऐकून बिघाड सांगायचो, गिऱ्हाईक त्यासाठीच घाटनांदूरला यायचं. आता पंक्चर काढतो.

तुझ्या भावाच्या, लखनच्या वरातीत तुझ्या डीजेचा जनरेटर बंद पडला, तेव्हा तूच हाक मारलीस. मी स्पीकरांना खेटून वाकलो होतो आणि जनरेटर सुरू होताच तू पूर्ण आवाज सोडलास. तेव्हापासून कानांत शिट्टी वाजते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात निघालो, तर तू गाडीची चावीच काढून घेतलीस. "काहून जातूस बे? त्या गोळ्यांनी किडनी जाती. मामाचं चूर्ण लई भारी हाय, तीन महिन्यांत कान मोकळा." आवळा, हळद, गुळवेल, डब्यावर मोठ्या अक्षरात 'अँटिऑक्सिडंट'. शाळेपासूनचा दोस्त सांगतोय म्हटल्यावर मी पुढं विचारच केला नाही. दुसऱ्या महिन्यात तू मोबाईल समोर धरून 'फरक पडला म्हण' म्हणालास, तेही म्हणालो. वाटलं, पडतच असेल.

चौथ्या महिन्यात जिनतनं मला ओढतच अंबाजोगाईला नेलं. कानाच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं : आवळा-हळदीचा कानाला उपयोग होतो का, याचा अभ्यास अजून चालू आहे, पण तुम्ही पहिल्या आठवड्यात यायला हवं होतं. आता गेलेलं परत येणार नाही.

तेही मी नशिबावर सोडलं असतं. पण परवा तुझी बायको मोहिनी येऊन जिनतजवळ रडली, तेव्हा खरं कळलं. वरातीनंतर तुझ्याही कानांत शिट्टी होती. तिसऱ्या दिवशी तू गुपचूप त्याच डॉक्टरांकडे गेलास, गोळ्या घेतल्यास, बरा झालास. आणि दवाखान्यातून आलास त्याच संध्याकाळी मला चूर्णाचा आणखी एक डबा आणून दिलास. मी दवाखान्यात गेलो तर आवाजाची तक्रार होईल, सेट जप्त होईल, एवढीच तुला भीती. अरे, नुसतं सांगितलं असतंस, तर डॉक्टरांना मी दुसरं काहीही कारण दिलं असतं.

काल बंकट नावाचा ट्रॅक्टरवाला गॅरेजवर आला. कानाशी फटाका फुटून सहा दिवस झालेले. तू पसरवलेल्या त्या क्लिपमध्ये मला बघून, चूर्ण घेऊ का, असं विचारायला आला होता. मी त्याला मोटारसायकलवर बसवलं आणि थेट डॉक्टरांकडे नेलं. आणखी किती जण माझं तोंड बघून घरी थांबले असतील, कोण जाणे. ती क्लिप आजच काढ. शुक्रवारपर्यंत निघाली नाही, तर मी स्वतः मोबाईलसमोर उभा राहीन आणि सगळं सांगेन, तुझ्या नावासकट. खाली 'तुझाच' लिहायला आज हात धजत नाही.

तन्वीर