पहिली ओंजळ

३ तारीख, सोमवार

पोचलो गं बाई एकदाचे! इथे फोनला रेंज नाही, म्हणून तू दिलेल्या वहीत रोजचं रोज लिहून आणायचं कबूल केलंय, तर ही घे सुरुवात. बेट म्हणजे नुसतं रान. झाडावर वेल, वेलावर दुसरा वेल, आणि त्या सगळ्याखाली एक अख्खं ओसाड गाव. धक्क्यापासून वरपर्यंत तुझ्या भावानं कोयत्यानं वाट काढली आणि काढता काढता माझ्या पोटावरून चार टोमणे हाणले. मीही सोडतो होय? म्हटलं, नवरदेव, जपून, बोट तोडून घेतलंस तर साखरपुड्याची अंगठी कशात घालणार!

काम सोपं आहे. ज्या साहेबांनी हे बेट घेतलंय त्यांना इथे हॉटेल काढायचंय. गावातली जुनी विहीर उपसायची, पंप लावायचा आणि पाणी कसं आहे ते सांगायचं. लोक तहान लागल्यावर विहीर खणतात, आपलं तर पोटच विहिरीवर. पुढच्या सोमवारी होडीवाला न्यायला येणार. तोवर प्यायच्या पाण्याचे कॅन दिलेत भरपूर.

होडीवाला मात्र वल्ली आहे. सामान उतरवून दिलं, पण स्वतः होडीतून पाय काही खाली टेकवला नाही. आपल्या घरचा नियम, आलेल्याच्या हातात आधी पाणी, मग चौकशी. म्हणून मी बाटली पुढे केली. तर म्हणे, या बेटावर कुणी दिलेलं पाणी तो घेत नाही. अरे बाबा, पाणी शहरातलंच होतं! असो.

तू काळजी करू नकोस. आईच्या माघारी तू लेकरासारखा वाढवलेला भाऊ आहे. जसा नेलाय तसा आणून देतो, शब्द दिलाय ना.

४ तारीख, मंगळवार

आज घरं पाहिली. बुटकी दगडी घरं, छपरं बसलेली, खिडक्यांतून झाडं आत शिरलेली. गंमत म्हणजे आत काही म्हणजे काही नाही. खाट नाही, भांडं नाही, दारं तर चौकटीसकट उखडून नेलेली. मात्र प्रत्येक घरात झोपायच्या खोलीत भिंतीला एक जाड लोखंडी कडी आहे, साधारण कमरेच्या उंचीवर. कडीखालचा गिलावा खरवडून निघालाय, ओलीनं असेल.

तुझा भाऊ म्हणाला, गाय बांधत असतील. म्हटलं, शहाण्या, गाय काय पलंगाशेजारी बांधतात? तर म्हणतो कसा, दाजी, तुमच्यासारखा घोरणारा नवरा बांधत असतील. हसून हसून पुरेवाट झाली. त्यातल्या त्यात कोरडी खोली बघून आम्ही बिछाने टाकले.

५ तारीख, बुधवार

विहीर सापडली, पण तोंडापर्यंत भरलेली. आणि भरलीय कशानं? दारं, खाटा, पाळणे, शाळेचे बाक, होड्यांची वल्ही, एक शिलाई मशीनसुद्धा. गावानं आपला अख्खा संसार आत लोटलाय. दिवसभर इंजिन लावून, दोरानं बांधून एकेक वस्तू वर ओढली.

मी म्हटलं, कुणाचं तरी मूल पडलं असेल, म्हणून बुजवली. तुझा भाऊ बराच वेळ एक पाळणा हातात धरून उभा होता. म्हणाला, दाजी, बुजवायला माती फुकट मिळते, पाळणे कशाला टाकतील? त्याचं खरं होतं. पण काम थांबवायला ते काही कारण नव्हतं.

७ तारीख, शुक्रवार

तळ लागला. आमच्या धंद्यात पहिली ओंजळ तळाला उतरणाऱ्याची असते, तोच पाणी चाखून सांगतो. उतरायचं खरं तर मी. पण गुडघा ठणकत होता, म्हणून त्याला उतरवलं. चारी बाजूंनी खारा समुद्र, आणि हे पाणी गोड आहे असं तो खालून ओरडला. एक ओंजळ प्यायला, मग दुसरी, मग किती तरी. शेवटी मला शिव्या घालाव्या लागल्या तेव्हा वर आला.

मलाही चाखायचं होतं. गाळ बसू दे, उद्या बघू म्हणून थांबलो.

८ तारीख, शनिवार

सकाळी उठलो तर सगळे कॅन रिकामे. एकूण एक. हा मधोमध बसलेला, पोट टम्म, ओठ फाटलेले, आणि म्हणतो तहान लागलीय. लहान मुलासारखा रडला गं. या पाण्यानं भागत नाही, विहिरीचंच हवं, म्हणाला. मी आडवा आलो तर मला ढकलून पळाला. ज्यानं थट्टेतसुद्धा कधी माझ्यावर हात उगारला नाही, त्यानं! दिवसभर विहिरीत उतरून, पालथा पडून पीत होता.

पाण्यातच काहीतरी आहे. मी शिवणार नाही. सोमवारी होडी येईल, तोवर काढू कसंतरी.

९ तारीख, रविवार

त्याला बांधलं. कडीला.

गाठ मारताना हात थांबले माझे. कडी बरोबर कमरेशी होती. या गावात काय बांधत होते ते आता कळलं. आपलीच माणसं बांधत होते. आणि शेवटी जे उरले, त्यांनी हाताला लागेल ते विहिरीत लोटलं. माती खणत बसायला वेळच नव्हता त्यांना.

आणि आम्ही ते सगळं उपसून बाहेर काढलं.

दारं परत टाकायला गेलो. दोन टाकली, तिसऱ्याला घेरी आली. कालपासून पोटात पाणी नाही. पानांवरचं दव चाटतोय. तो आतून हाका मारतोय, आणि नखांनी गिलावा खरवडतोय.

१० तारीख, सोमवार

होडी आली नाही. समुद्र खवळलाय.

दोर कुरतडलेला. दातांनी. तो विहिरीत होता, गळ्यापर्यंत. हसत होता. दाजी, या, म्हणाला. मी दोर टाकला, ओरडलो, तुझ्या शपथा घातल्या. त्यानं बघितलंसुद्धा नाही. तोंड उघडं ठेवून खाली गेला — हळूच, झोपायला गेल्यासारखा.

देवा रे.

११ तारीख

पंप लावला. विहीर कोरडी केली. तळाला वाळू आणि मी टाकलेली दोन दारं. तो नाही. अंगावरचा कपडा नाही, चप्पल नाही. कुठल्या तोंडानं सांगू तुला? तुझा भाऊ मी —

उपसता उपसता पाइप निसटला. तोंडावर पाणी उडालं. लगेच पुसलं. पुसलं मी, खरंच.

आधी चाटलं.

१२ तारीख

तू येऊ नकोस. कुणाला पाठवू नकोस. होडी येईल तेव्हा ही वही धक्क्यावर असेल, दगडाखाली. विहीर बुजवायला सांग साहेबांना. पुन्हा भरलीय. कालपेक्षा वर.

स्वतःला बांधून घेतो. कडीला. घट्ट.

१३ — की १४

गाठ मीच मारलेली. मीच सोडली.

काठोकाठ आहे. वाकावंही लागत नाही. गोड आहे गं. तो खोटं नव्हता बोलत —

दुपार

समुद्र शांत. धक्क्यावर बसलोय. वही आणलीय, ठेवायची म्हणून. आणि विहिरीवर भरलेला एक कॅन —

होडी! होडीवाल्याबरोबर कुणीतरी आहे. निळी छत्री.

तुझी.

का आलीस गं? ठरल्या दिवशी पोचलो नाही म्हणून? ओरडायला हवं. मागे फीर म्हणून ओरडायला हवं. घसा कोरडा, आवाज फुटत नाही. एक घोट घेतो, मग ओरडतो —

घेतला.

आता ओरडावंसं नाही वाटत.

होडीवाला होडीतच बसलाय. तू उतरलीस. पायऱ्या चढतेयस. भाऊ कुठे, विचारशील. सांगतो ना. सगळं सांगतो. पेला भरून ठेवलाय. उन्हातून आलीस, एवढ्या लांबून. आपल्या घरचा नियम. आधी पाणी, मग