हवामानवाल्यांचा उजवा कान

तीर्थस्वरूप वन्संना,

वाकून नमस्कार. (कागदावर वाकले आहे असं समजा. खरोखर वाकले तर परत सरळ करायला घरात दुसरं माणूस नाही.) तुमचे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखतो की उजवा, ते तुम्ही मागच्या पत्रात सविस्तर लिहिलं होतंत, पण मी नेमकी त्याच ओळीवर डिंकाची वाटी ठेवली. तेव्हा दोन्ही बरे असोत. माझी प्रकृती उत्तम, म्हणजे तक्रार करावी असं काही नाही आणि करायची म्हटलं तर ऐकायला कोणी नाही.

दुकान आणि घर, घर आणि दुकान, अशी घुम्यासारखी राहू नकोस, चार माणसांत जा, असं तुम्ही मला दटावलंत. मी गेले. आता जे काही झालं त्याला निम्म्या तुम्ही जबाबदार आहात, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या या विद्यापीठाच्या गावात एकट्या माणसांना तोटा नाही. कोणाची बायको गेली, कोणाचा नवरा गेला, कोणाचं पटलं नाही, आणि बऱ्याच जणांचं प्रबंध लिहिता लिहिता लग्न करायचंच राहून गेलं. अशा पन्नाशीपुढच्या सगळ्यांसाठी रसायनशास्त्राच्या एका निवृत्त बाईंनी मंडळ काढलंय. एकट्यांनी भेटावं, बोलावं आणि जमलं तर पुढचं बघावं, असा हेतू. (‘पुढचं बघावं’ म्हणताना बाई स्वतः खाली बघतात.) आता गंमत ऐका. विद्यापीठाची खोली फुकट मिळते, पण फक्त व्याख्यानासाठी. नुसत्या गप्पांना मिळत नाही. इमारतीचे अधीक्षक दाराच्या काचेतून मधूनमधून डोकावतात, आणि आम्ही गप्पा मारताना सापडलो तर खोली गेलीच म्हणून समजा. त्यामुळे दर गुरुवारी आमच्यातलं एक जण उभं राहून व्याख्यान देतं आणि बाकीचे जमिनीत ठोकलेल्या बाकांवर फळ्याकडे तोंड करून गप्प बसतात. जोडीदार शोधायला म्हणून आलेली माणसं, आणि दिसतात काय, तर एकमेकांच्या माना! गावातल्या बहुतेक विद्वानांना मी आता मागून ओळखते.

दंतवैद्य हिरड्यांवर बोलले. चित्रं दाखवून बोलले, आणि नंतरच्या चहाबरोबरच्या बिस्किटाला कोणी हात लावला नाही. संख्याशास्त्रवाले स्वतःच्या घटस्फोटावर बोलले, तेही फळ्यावर आलेख काढून. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तर पहिला हात त्यांच्या पूर्वीच्या बायकोचा वर! त्याही सभासद आहेत. त्यांनी आलेख पुसून दुरुस्त करून दिला. आणि या सगळ्यांत मी, प्रबंध बांधून देणारी. इथल्या निम्म्या लोकांचे प्रबंध आपल्याच दुकानात शिवले गेलेत, तेही त्यांचे केस काळे असताना. त्यामुळे मला पाहिलं की ते अजून घाबरतात आणि तोंडातून पहिलं वाक्य येतं, ‘कधी मिळेल?’ चहाच्या वेळी एका गृहस्थांशी मी जरा हसून बोलायला गेले (तुम्हीच लिहिलं होतंत, हसून बोल म्हणून), तर त्यांनी मला ओळखलं आणि त्यांच्या प्रबंधात एक पान उलटं लागलं होतं त्याची तक्रार केली. आयुष्यभर मनात ठेवली होती बिचाऱ्यांनी. मी माफी मागितली. काय करणार!

माझ्या बाकावर डावीकडे हवामानवाले बसायचे. ते विद्यापीठात हवामान शिकवायचे, पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. स्वच्छ ऊन असलं तरी हातात छत्री. (स्वतःच्या अंदाजावर स्वतःचाच विश्वास नाही, असं बाकीचे म्हणतात.) बोलणं फारसं नाही. पण माझी पिशवी ठेवायला जागा व्हावी म्हणून छत्री पलीकडे घ्यायचे, आणि मला खोकला आला की गोळी काढून, न विचारता, न बघता, बाकावरून हळूच माझ्याकडे सरकवायचे. बघायला मानच वळवता येत नव्हती, अधीक्षक काचेत! आणि चहाला ते कधी थांबायचे नाहीत. त्यामुळे मला त्यांचा फक्त उजवा कान माहीत. वन्सं, लाज सोडून लिहिते, त्या कानाची मला सवय झाली. गुरुवारी मी दोनदोनदा केस विंचरायला लागले. मग त्यांच्या व्याख्यानाची पाळी आली. म्हटलं आता समोरून दिसतील. तर विषय ढग, आणि ढग दाखवायचे म्हणून खोलीत मिट्ट काळोख! तासभर ढग पाहिले. निघताना मात्र व्हरांड्यात ते छत्रीकडे बघत म्हणाले की, पुढच्या गुरुवारी तुमचं व्याख्यान झालं की तळ्यापर्यंत चालत जाऊ या का, तुमची हरकत नसेल तर. माझी कसली हरकत? मी ‘बरं’ म्हटलं आणि घरी येऊन पहिल्यांदा, पुष्कळ दिवसांनी, गाणं लावलं.

माझा विषय पुस्तकबांधणी. ठेवणीतले कपडे घातले, सुई, दोरा, पुठ्ठा सगळं पिशवीत घेतलं. उभी राहिले आणि समोर पाहिलं, तर हवामानवाले, अख्खे! चेहरा चांगला आहे. डावा कानही आहे. आणि ते माझ्याकडे असे बघत होते की माझी बोबडीच वळली. मी खाली मान घातली आणि जे तोंडाला आलं ते बोलायला लागले. आणि तोंडाला आले हे. हे दोरा असा ओवायचे. ह्यांची सुई अशी धरायची पद्धत. पुठ्ठ्याचे कोपरे ठोकताना हे गुणगुणायचे, आणि पुस्तक तयार झालं की उघडून त्याच्या पाठीला कान लावायचे, कुठे करकरतं का म्हणून. थांबायला हवं होतं, पण गाडी सुटली ती सुटलीच. हे गेले त्या दिवशी दाबयंत्रात एक प्रबंध आवळून ठेवलेला होता. ह्यांनी फिरवलेला स्क्रू मला सैल करवेना. तो विद्यार्थी रोज दुकानाच्या दाराशी येऊन उभा राहायचा आणि न मागता परत जायचा, हेसुद्धा मी सांगून टाकलं. डोकं वर केलं तर सगळी खोली डोळे पुसतेय. संख्याशास्त्रवाले आणि त्यांची पूर्वीची बायको एकाच रुमालात. रसायनबाईंनी आभार मानायच्या ऐवजी सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. अधीक्षकसुद्धा आत येऊन, टोपी काढून, दाराशी उभे राहिले. जोडीदार शोधायच्या मंडळात शोकसभा होण्याची ही पहिलीच वेळ, असं मला नंतर कळलं.

हवामानवाले माझ्यापाशी आले. इतक्या जवळून, समोरून, पहिल्यांदाच. म्हणाले, असं प्रेम फार थोड्यांना लाभतं. हात जोडले, बाहेर पडले आणि कोरड्या आभाळाखाली छत्री उघडून एकटेच निघून गेले. तळ्याचं नावसुद्धा काढलं नाही. मी सुई-दोरा आवरत बसले. त्यानंतरच्या गुरुवारी ते सगळ्यांत मागच्या बाकावर, कोपऱ्यात. आदर म्हणून! आता सगळेच माझ्याशी हळू आवाजात बोलतात, आणि माझ्या डावीकडची जागा कोणी घेत नाही. ती जणू ह्यांच्यासाठी राखून ठेवलीय. मला खोकला येतो, गोळी येत नाही.

वन्सं, मला ह्यांची आठवण येते. मी तिथे एक अक्षर खोटं बोलले नाही. पण मला तळ्यापर्यंत चालायलाही जायचं होतं. हे दोन्ही एकाच बाईला वाटू शकतं, हे आता कोणाला आणि कसं सांगू? सांगायचं तर पुन्हा पाऊण तास उभं राहावं लागेल आणि मी पुन्हा रडवीन सगळ्यांना. फार एकटं वाटतं हो. पूर्वी वाटायचं त्याहून जास्त, कारण पूर्वी कोणी बोलावलंच नव्हतं. असो. मी मंडळ सोडायचं ठरवलंय. तुम्ही गुडघ्यांना जपा, जिने चढू नका, आणि माझी काळजी करू नका.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. मंडळ सोडणार होते, पण पुढच्या महिन्यातला पहिला गुरुवार रिकामा होता म्हणून मी तुमचं नाव देऊन टाकलंय. तुम्ही एकट्या, पन्नाशीपुढच्या, आणि जन्मभर मुख्याध्यापिका, म्हणजे नियमात बसता. विषय कळवला आहे: ‘माझा धाकटा भाऊ आणि त्याचे दोष’. घोरणं, दारं उघडी टाकणं, चहाच्या कपात डिंक कालवणं, रुसून जेवायला न येणं, एवढं तरी पुरेसं व्हावं. जरा मोठ्यानं बोला, हवामानवाले मागे बसतात.

ता. क. दुसरा. राग आला असेल तर तसं स्पष्ट लिहा. तुम्ही माझ्या वन्सं झालात त्या ह्यांच्यामुळे. मी दुसऱ्या कोणाबरोबर तळ्यापर्यंत गेले, तर परत आल्यावर तुम्हाला वन्सं म्हणता येईल की नाही, हे मला कळत नाहीये. म्हणता येणार नसेल तर मी जात नाही. तुमच्याशिवाय मला दुसरं कोणी नाही.

ता. क. शेवटचा. पाकीट बंद करताना वरचे दोष पुन्हा वाचले. दारं मी उघडी टाकायचे. कपात डिंक मीच कालवते, अजूनही. रुसायचे तेही मीच, आणि हे ताट झाकून बसून राहायचे. घोरणं तेवढं ह्यांचं. तेव्हा कृपा करून घोरण्यावरच पाऊण तास काढा.